रंगात रुतलेली वाळू

क्लोद मोनेचं 'त्रूव्हीलचा किनारा' हे चित्र जेमतेम हातभर रुंद आहे. खुर्च्यांवर दोघीजणी, हातांत छत्र्या, मधे एक रिकामी खुर्ची. पांढऱ्या झग्यातली कामिय, मोनेची बायको. काळ्या पोशाखातली बहुधा त्याच्या गुरूची, बुदँची पत्नी. जवळ जाऊन नाकडोळे शोधले तर फारसं काही हाती लागत नाही. झगा म्हणजे पांढऱ्या रंगाचे जाड, घाईचे फटकारे.

आणि त्या रंगात खरी वाळू आहे, शिंपल्यांचा चुराही आहे. ओल्या रंगाला चिकटलेले कण तसेच राहिले. या चित्रातलं मला सर्वांत प्रिय आहे ते हेच. छत्र्या, ढग, बायका हे सारं चित्रकारानं निवडलं. वाळू आपण होऊन आली.

उघड्यावर तैलरंगात असं काम करणं सोपं झालं ते कथलाच्या नळीमुळे. जॉन रँड या अमेरिकी चित्रकारानं 1841 साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि टोचून बाहेर काढत. माणसांना किनाऱ्यावर आणलं ते आगगाडीनं. ती 1863 मध्ये त्रूव्हीलपर्यंत आली, आणि कोळ्यांच्या गावात पॅरिसकरांची रीघ लागली. बुदँनं ही नटलेली गर्दी वर्षानुवर्षं रंगवली. पण 1867 मध्ये ब्रिटनीतल्या कष्टकऱ्यांतून परतल्यावर ती त्याला बघवेना, तसं त्यानं पत्रात लिहिलं. मोनेच्या या चित्रातही कोळी दिसत नाहीत. बुदँची टोचणी मला पटते, तरी कामियला ऐदी म्हणायला जीभ रेटत नाही. पदरी लहान मुलगा, पैशांची कायम ओढाताण, आणि चित्राचं साल 1870. 28 जूनला तिचं मोनेशी लग्न झालं. 19 जुलैला फ्रान्सनं प्रशियाशी युद्ध पुकारलं. मोनेचा जिवलग मित्र बाझीय ऑगस्टमध्ये सैन्यात गेला आणि नोव्हेंबरात मारला गेला. मोने लढाई टाळून लंडनला निघून गेला.

तिथल्या रॉयल अकादमीनं 1871 साली त्याची चित्रं प्रदर्शनात घेतली नाहीत. 'त्रूव्हीलचा किनारा' लंडनच्या नॅशनल गॅलरीनं घेतला तो 1924 साली. कामियला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. मोने ऐंशी ओलांडून, मोतीबिंदू काढलेला एक डोळा घेऊन, जिव्हेर्नीत कमळांची भलीमोठी चित्रं पुरी करायच्या मागे लागला होता.