कितवा लागला?

२०१८ च्या पावसाळ्यात पांढरकवडा भागात बोलायला दोनच विषय होते, एक टी-१ वाघीण आणि दुसरं माझं पोट. निदान मला तरी तसं वाटायचं. सकाळी शाळेत जायला काळीपिवळीत बसलं की आधी वाघिणीची खबर निघायची. काल कोणाच्या वावरात दिसली, कोणाचं जनावर नेलं, राखणीला आता कोण जाणार. ती खबर संपली की नजरा माझ्याकडे वळायच्या.

"म्याडम, कितवा लागला?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर अमरावतीचं, सासर पांढरकवड्याचं. पहिली मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे "कितवा" हा नुसता पहिला प्रश्न असे. खरी चौकशी पुढे व्हायची. "पोट समोर हाय, पोट्टंच होते पाय." "चेहरा उतरला वो तुमचा, म्हंजे पोरगाच." गाडीतून उतरताना मी कोणता पाय आधी टाकते, यावर दोन बायांचं बारीक लक्ष असायचं. उजवा टाकला की एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. मग मीही लहर आली की मुद्दाम डावा टाकत असे.

तपासणीला ज्या दवाखान्यात जायचे तिथे भिंतीवर ठळक अक्षरांत फलक होता : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. सोनोग्राफीआधी मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही, अशा मजकुराखाली मी सही करून द्यायची. आत पडद्यावर काय दिसतं त्याबद्दल डॉक्टर एक अक्षर बोलायचे नाहीत. बाहेर त्याच फलकाखालच्या बाकड्यावर नंबराची वाट बघणाऱ्या बाया मात्र एकमेकींच्या पोटाचं निदान फुकटात करत बसलेल्या. तिथल्याच एका सिस्टरने माझं कार्ड भरताना विचारलं, "पहिली मुलगीच ना? मग या वेळेस देव बघेल." वाईट हेतूने नव्हतं म्हटलं, हे मलाही कळत होतं. म्हणून तर उत्तर सुचेना. वाकडं बोलणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात, पण असा आशीर्वाद देणाऱ्याला काय म्हणायचं?

पोटाच्या आकाराचं तर विचारूच नका. एकाच आठवड्यात बाजारात एकीने "जुळं हाय का वो?" म्हटलं आणि स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याच्या बायकोने "अगंबाई, सातवा वाटतच नाही, बाळ वाढतंय ना नीट?" असं विचारलं. पहिलं मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. बाळ कधी हललं, आता का हलत नाही, डाव्या कुशीवर वळून बघू का, याच विचारात उजाडलं. बोलणारी तोवर विसरूनही गेली असेल.

पण मला जे खरं झोंबलं ते माझ्याबद्दलचं नव्हतंच. लहान लेकराच्या तोंडून निघतं ते खरं होतं, असा समज आहे. म्हणून जो तो माझ्या मुलीला विचारायचा, "तुले भाऊ पायजे का बहीण?" सुरुवातीला ती "बकरी" म्हणायची. शेजारच्या काकूंकडे दोन पिल्लं झाली होती, तिला त्यातलं एक हवं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की "भाऊ" म्हटलं की कौतुक होतं, गालाला हात लागतो, कधी बिस्किटाचा पुडा मिळतो. "बहीण" म्हटलं की मोठी माणसं "नाई, नाई, भाऊ म्हण" असं म्हणत पुन्हा विचारतात. महिन्याभरात ती बाहेर पडली की कोणी विचारायच्या आत "भाऊ" म्हणू लागली. घरी मात्र बकरीवर ठाम.

नवरात्रात आम्ही केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला गेलो. महामार्गाने जवळच आहे. तेलंगणातूनही माणसं येतात, रांग लांब होती. तिथे एका बाईंनी माझ्या मुलीला कुमारिका म्हणून पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं, हातावर दहाची नोट ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मग उठून माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "आता माय इच्या पाठीवर भाऊ दे." पोरीच्या पायांचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

ग्रहणाबद्दल लोक फार लिहितात, अंधश्रद्धा वगैरे. ती आहेच. पण जुलैतल्या त्या खग्रास चंद्रग्रहणाची रात्र मला वेगळीच आठवते. गुरुपौर्णिमा होती. ग्रहण बाराच्या सुमारास लागलं आणि पावणेचार वाजेपर्यंत होतं. खग्रास भागच पावणेदोन तासांचा, या शतकातला सगळ्यात लांब म्हणून पेपरात आलेलं. सासूबाईंनी संध्याकाळपासून विळी, कात्री, सुई उचलून ठेवली. "सरळ झोपजो. काही कापू नोको, काही मोडू नोको." मी शाळेत मुलांना चेंडू आणि टॉर्च घेऊन ग्रहण शिकवणारी. वाद घालणार होते. पण त्या उशाशी येऊन बसल्या आणि ग्रहण सुटेपर्यंत बसून राहिल्या. बोलता बोलता त्यांच्या बाळंतपणांवर आल्या. एक मूल तिसऱ्या दिवशी गेलं होतं. ते आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्यांच्या मनाईचा मला त्या रात्रीनंतर राग आला नाही. पटलीही नाही.

तसंच काळीपिवळीतल्या एका बाबाचं. "वाघिणीले दोन जीवाच्या बाईचा वास लवकर येते म्हणते," असं तो माझ्यासमोरच म्हणाला. गाडीत चिडीचूप. वाघिणीच्या नावावर तोवर तेरा माणसांचे बळी लागले होते, त्यामुळे हसण्यासारखं काही नव्हतं. मलाही घाम फुटला. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरने मला फाट्यावर उतरवणं बंद केलं आणि गाडी आत वळवून शाळेच्या दारात आणून सोडू लागला. जास्तीचं भाडं दिलं तर घेतलं नाही. त्या बाबाचं बोलणं असं माझ्या पथ्यावर पडलं.

२ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात, बोराटीजवळ वाघिणीला गोळी घातली. बाहेरच्या जगाला ती अवनी म्हणून माहीत झाली. गावात फटाके फुटले, दिल्ली-मुंबईत निषेध झाले. आमच्या गाडीत मात्र तीच माणसं, जी आदल्या आठवड्यापर्यंत तिच्या नावाने बोटं मोडत होती, हळहळू लागली. "तिचे दोन लेकरं हायेत म्हणते जंगलात. काय खातीन?" सुटीवर जायच्या आधीचे माझे ते शेवटचे दिवस. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. तिची पिल्लं नर की मादी, हे त्या दिवशी कोणीही विचारलं नाही.

महिनाअखेरीस मला दुसरी मुलगी झाली. डिसेंबरात वन खात्याने अवनीचं एक पिल्लू पकडलं, ते मादी होतं. ती बातमी मी बाळंतिणीच्या खोलीत वाचली आणि मोठ्याने हसले. सासूबाईंना वाटलं, वारं लागलं.

भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाला हातात घेऊन म्हणायची, "असू दे, लक्ष्मी आली." मुलगा झालेल्या घरी "असू दे" म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. एकीने तर मलाच धीर दिला, की डॉक्टर चांगले आहेत, तिसऱ्या वेळेला त्रास होणार नाही. "आम्हाला नको" हे माझं उत्तर कोणाच्या कानात शिरेना. शेवटी मी २००५ चा सरकारी नियम पुढे केला. दोनच्या वर अपत्यं झाली तर सरकारी नोकरीला माणूस अपात्र ठरतो. तेव्हा मात्र सगळ्यांचा एकदम नाइलाज झाला. "असं व्हय! मंग काय करता." माझ्या इच्छेला जी किंमत नव्हती ती जीआरला होती.

२६ जूनला शाळा उघडली तेव्हा मी रुजू झाले. खिचडी शिजवणारी मावशी जवळच्या कोलाम पोडावरची. गरोदरपणात ती मला एवढंच म्हणायची, "तुमी लय वाळल्या, लेकरू काय खाते?" आणि ताटात दुसऱ्यांदा वाढायची. त्या दिवशी तिने काय झालं ते विचारलं नाही. चुलीत लाकूड सारत म्हणाली, "दूध पुरते का?"

म्हटलं, दुपारी फार त्रास होतो, छाती भरून येते.

"मंग एवढ्या दूर कायले येता? लेकरू तिकडं अन् तुमी इकडं. बदली मागा ना."

अर्ज केलाय, म्हटलं.

"अर्जानं काई होत नाई," ती म्हणाली आणि पोरांना ताटल्या घ्यायला हाक मारली.