एका दिवसाची सहल, पण मनाजोगी

मैत्रिणींनो, गाडी काढून सहलीला जायचं ठरलं, की घरातल्या बाईची धावपळ आदल्या रात्रीच सुरू होते. डबे, औषधं, मुलांच्या टोप्या, सतरंजी! दुसऱ्या दिवशी सहा ठिकाणं ‘उरकून’ घरी आल्यावर विचारावं, काय पाहिलं? मुलांना आइस्क्रीम आठवतं, यांना रस्त्यातले खड्डे, आणि आपल्याला घासायचे डबे! पेट्रोलचं आणि दमणुकीचं चीज व्हायला हवं असेल, तर ठिकाणं कमी निवडा. पण एकातून दुसरं उलगडेल अशी निवडा.

आमच्या नाशिकचंच पाहा. मुंबईच्या रस्त्यावर शहरापासून आठेक किलोमीटरवर पांडवलेणी आहेत. नाव पांडवांचं असलं, तरी ही 24 लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून जा. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलाच्या पराक्रमाचं वर्णन करून तिने नातवाच्या राज्यात हे लेणं दान दिलं. राजाची आई आणि राजाची आजी अशी स्वतःची ओळख तिने दगडात कोरून ठेवली आहे!

दहाव्या लेण्यात तर शाळेचा वर्गच भरवता येतो. नहपान राजाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून 20 भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. मुलांना तिथेच हिशेब करायला सांगा. वर्षाचं व्याज 240, आणि वीस बारे 240! एका पैचाही फरक नाही. पुस्तकातल्या व्याजाच्या गणिताला कंटाळणारी मुलंसुद्धा इथे बोटं मोजू लागतात. उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेखही याच लेण्यात आहे. लेख ब्राह्मी लिपीत आहेत, त्यामुळे माहिती घरून वाचून जा, नाहीतर नुसत्या रेघा दिसतील.

आता मुलं विचारणारच, “आई, कार्षापण म्हणजे काय गं?” उत्तर त्र्यंबकच्या रस्त्यावर आहे. मागे फिरून त्या रस्त्याला लागा. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, 1980 साली स्थापन झालेली. तिथलं नाण्यांचं संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे ना, याची मात्र आधी चौकशी करा. तिथून त्र्यंबकेश्वर जवळच. सोमवारी आणि श्रावणात दर्शनाची रांग फार लांबते, तेव्हा शक्यतो दुसरा वार धरा. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आपल्या नाशिकवरून वाहत पुढे थेट बंगालच्या उपसागराला मिळते, हे मुलांना डोंगराकडे बोट दाखवून सांगा.

आता थोडं तयारीचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या एवढं पुरे, रस्सा सांडतो. गाडी लागणाऱ्या मुलाला उपाशी ठेवू नका आणि पोट फुटेस्तोवर खाऊही घालू नका. आलेपाकाच्या वड्या हाताशी असू द्या. चाकांतली हवा यांनी आदल्या दिवशीच तपासावी. पाण्याच्या बाटल्या थोरल्याकडे, खर्चाची वही धाकटीकडे. कचऱ्याची एक पिशवी गाडीत हवीच.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं. डबे मागच्या डिकीत ठेवा, मांडीवर नको. मांडीवर डबा असला, की दर दहा मिनिटांनी कोणीतरी काहीतरी मागतं आणि आपली मान वर होतच नाही. खाणं ठरल्या वेळी, गाडी थांबवून, सगळ्यांनी मिळून. मधला सगळा वेळ खिडकी तुमची! बलश्रीने आणि दक्षमित्रेने आपली नावं दगडावर ठेवली; आपण निदान सहलीला गेल्यावर बाहेर तरी बघू या.