वर्षातून एकदा रिद्धपूर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला, की अकोल्याहून ताईचा निरोप येई : "गुरुवारी येते. दशम्या आणि तिळाची चटणी मी आणीन, तू फक्त पाणी उकळून ठेव." तो हंगाम कापसाचा. दोन्ही घरची पुरुषमंडळी जिनिंग आणि बाजार समिती यांत गुंतलेली. त्यामुळे वर्षातला एक दिवस आम्हां दोघींना कोणाच्याही सवडीची वाट न पाहता मिळत असे.

पहिल्या वर्षी, १९९१ साली, आम्ही निघालो होतो मुक्तागिरीला. तेथील बावन्न मंदिरांचे दर्शन घेऊन परतवाड्यावरून परतताना ताईने गाडी चांदूर बाजारकडे वळवायला लावली. म्हणाली, "रिद्धपूर पाहू." बी. ए.ला तिला 'लीळाचरित्रा'तील उतारे अभ्यासाला होते. पुढे एम. ए. करायचे तिच्या मनात होते. पण निकालापूर्वीच तिचे लग्न ठरले. पुस्तके माहेरच्या माळ्यावर गेली आणि ताई अकोल्याच्या कापड दुकानाच्या घरात.

मोर्शी तालुक्यातील हे गाव दुरून इतर वऱ्हाडी गावांसारखेच दिसते. वाटेत संत्र्याच्या बागा. त्या दिवसांत अंबिया बहराची फळे उतरत असतात आणि वाऱ्याला सालीचा किंचित कडवट वास येतो. गावात शिरले, की मठामागून मठ आणि मंदिरामागून मंदिर. महानुभाव पंथाचे हे थोर क्षेत्र. येथे नमस्कार होतो तो मुख्यतः ओट्यांना. जेथे गोविंदप्रभू किंवा चक्रधरस्वामी बसले, जेवले, निजले, क्षणभर थांबले, त्या जागा पंथाने शतकानुशतके जपल्या आणि 'स्थानपोथी'त नोंदवून ठेवल्या. ताईला याचे फार अप्रूप. "देव कुठे उभा राहिला हे सगळेच सांगतात," ती म्हणे, "तो कुठे जेवला हे यांनीच लिहून ठेवले."

चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांनी आयुष्य याच गावात काढले. त्यांचे आईवडील लहानपणीच गेले. पोरक्या मुलाला सांभाळले ते मावशीने. इ. स. १२७४ मध्ये चक्रधरांनी उत्तरेकडे प्रस्थान ठेवल्यावर त्यांचे शिष्य या गावी येऊन राहिले. येथेच म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'ची जुळवणी केली. त्याचा काळ १२७८ च्या सुमाराचा मानतात. ज्याने जे पाहिले-ऐकले, ते त्याच्या तोंडून घ्यायचे, दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहायचे, मग लिहायचे. पेढीवरच्या जुन्या मुनीमजींनी रोजमेळ जुळवावा, तशीच ही रीत! पुढे या पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. आजोबांच्या मोडी वह्या घरात कोणालाच वाचता येत नाहीत, म्हणून मला त्या लिप्यांविषयी विशेष ममत्व वाटते.

ताईचे ममत्व मात्र महदाइसेवर. नागदेवाचार्यांची ही चुलत बहीण, शंका विचारून विचारून चक्रधरांनाही कौतुक वाटायला लावणारी. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा तिने 'धवळे' रचले. विषय रुक्मिणीच्या विवाहाचा, आणि रुक्मिणी तर आपल्याच जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरची. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. तिच्या मागोमाग ताई नागदेवांच्या सख्ख्या बहिणीची, उमाइसेचीही आठवण काढी आणि माझ्याकडे पाहून म्हणे, "उमाइसा तू. ऐकत बस."

वीस-बावीस वर्षे असे ऐकण्यात गेली.

२०१२ साली वडील गेले. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले. कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते. मी ताईला न विचारता सही केली. त्यात औदार्य कमी आणि वाद टाळण्याची घाई अधिक होती, हे आज मान्य करते. ताईने सही केली नाही. तिने फोनवर एकच वाक्य उच्चारले : "तू सही केलीस, म्हणून मी लोभी ठरले." पुढची दोन वर्षे आम्ही रिद्धपूरला गेलो नाही. संवत्सरीला तिच्याकडून क्षमापनेचे छापील कार्ड येई. खाली हाताने लिहिलेली एक ओळही नसे. मीही तसेच छापील कार्ड पाठवीत असे.

तिसऱ्या वर्षी मी एकटीच निघाले. राजमठाजवळ एक वृद्ध तपस्विनी दरवर्षी भेटत. त्यांनी "दंडवत प्रणाम" म्हटले, माझ्या मागे पाहिले आणि विचारले, "दुसऱ्या बाई गाडीत बसल्या का?" मला उत्तर देता येईना. मी बाहेर आले, झाडाखाली उभी राहिले आणि अकोल्याला फोन लावला. "मी विचारायला हवे होते," एवढेच बोलले. पलीकडे बराच वेळ दुकानातल्या गिऱ्हाइकांचा आवाज येत राहिला. मग ताई म्हणाली, "संत्री घेतलीस का? मोठी घेऊ नकोस, ती नुसती दिसायला असतात."

वाट्याचा प्रश्न नंतर चार माणसांत बसून सुटला. तिला तिचे मिळाले. त्यावर आम्ही दोघी फारशा बोललो नाही. पुढच्या कार्तिकात दशम्या आल्या.

आता ताईचे गुडघे दुखतात. मुक्तागिरीच्या पायऱ्या तिने सोडल्या आहेत, रिद्धपूर सोडलेले नाही. २०२४ च्या कार्तिकात गेलो, तेव्हा मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून दीड महिनाही झाला नव्हता आणि रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले होते. ताईने गाडी थांबवायला लावली. अडुसष्टाव्या वर्षी, काठी टेकून, ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पाटी वाचत राहिली. एकदा चष्मा लावून, एकदा काढून.

"एम. ए.ला वयाची अट असते का गं?"

मी म्हटले, चौकशी करते.

"कर. अर्जही तूच भर," ती म्हणाली, "सही मात्र मी विचार करून करीन."

तेव्हा साडेतीन वाजले होते. सूर्यास्तापूर्वी घरी पोचून जेवायचे होते. संत्र्यांची पिशवी पायाशी ठेवून आम्ही निघालो.