तारप्याकडं पाठ नाही

बोईसरला कुणाची भेट ठरवायची असेल, तर 'कधी मोकळा आहेस?' असं कोणी विचारत नाही. 'शिफ्ट कुठली?' असं विचारतात. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. तारापूर एमआयडीसी आली तेव्हापासून आमच्याकडची साखरपुडे, बारशी आणि भांडणंसुद्धा या तीन तुकड्यांत बसवावी लागतात. पण बोईसर-चिल्हार रस्त्यानं नागझरीकडं निघालं की आत जे पाडे लागतात, तिथं अजून एक घड्याळ चालतं. ते भाताचं. भात पोटरीला आलं, पिकलं, कापलं, झोडलं, एवढेच त्याचे आकडे. या दोन घड्याळांच्या मधल्या फटीत आम्ही एक दिवस गाण्याचं शूटिंग केलं.

आम्ही सहा जण होतो, सगळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट म्हणून एक म्युझिक व्हिडिओ करून द्यायचा होता. दिग्दर्शक विरारचा, कॅमेरा धरणारी मुलगी पालघरची. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि असली माणसं एका डब्यात बसायला लागली, नाहीतर आमची ओळख कुठून होणार? गाणं लिहिणारा आणि म्हणणारा बोईसरच्या चाळीतला. त्याचा बाप जौनपूरहून कंपनीत कामाला आलेला. हा इथंच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला आणि रॅप मराठीत करतो. गाणं रात्रपाळीवर होतं. सकाळी सातला सुटून घरी येणारा थोरला भाऊ, आणि त्याच वेळी दप्तर घेऊन शाळेला निघालेली धाकटी बहीण. दोघं रोज वाटेत भेटतात, तेवढीच त्यांची भेट. चांगलं गाणं होतं. त्याला त्यात तारपा हवा होता, आणि तारपा माझ्या मामाकडं होता.

तारपा ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुधी भोपळा वाळवून पोकळ करायचा. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, आत पातळ जिभळ्या, फटी मधमाशीच्या मेणानं बुजवायच्या, आणि पुढं ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवायला लागलं की थांबायचं नाही. गालात हवा धरून ठेवायची, नाकानं नवी घ्यायची, सूर तुटू द्यायचा नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून वाजवणाऱ्याभोवती वेटोळं धरतात. तो चाल बदलतो तसे पाय बदलतात.

हल्ली तारपा कार्यक्रमांत, पाहुण्यांपुढं बारा महिने वाजतो. मामा मात्र जुन्या वळणाचा. भात पिकायला लागलं की तो तारपा काढतो आणि दिवाळी झाली की आढ्याला टांगतो. त्यामुळं तारीख दिवाळीच्या आधीचीच हवी होती. नाचणाऱ्यांत चार पोरं कंपनीतली. दोघं रात्रपाळीला, दोघं दुसऱ्या पाळीला. म्हणजे सकाळी सातनंतर जमायचं आणि दुपारी दोनच्या आत दोघांना सोडायचं. दिग्दर्शकानं वहीत शॉटची यादी केली होती, सत्तेचाळीस शॉट. मामानं ती ऐकली आणि म्हणाला, "मी तीन वेळा वाजवीन. चौथ्याला दम नाय."

मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या पोरांना 'वन मोअर' म्हणायची सवय असते. पुसलं की पुन्हा जागा होते, त्यात खर्च काहीच नाही. इथं प्रत्येक 'वन मोअर' मामाच्या छातीतून जाणार होता. दिग्दर्शकानं यादी मिटली आणि पुन्हा लिहायला बसला.

त्या सकाळी आम्ही साडेसातला खळ्यावर पोचलो. रात्रपाळीची दोघं पोरं तशीच आली होती, डोळे लाल, खिशाला कंपनीचा पास लटकलेला. दिग्दर्शकानं पिशवीतून पांढरा रंग काढला. मामीच्या आणि पोरींच्या तोंडावर ठिपके काढायचे, म्हणजे 'आदिवासी लुक' येईल असं त्याच्या डोक्यात. मामी हसून खाली बसली. "अरं, ते तांदळाच्या पिठाचं लग्नात भितीवर काढतात. तोंडाला लावून मी काय भीत हाये?" रंग पिशवीत गेला. मामी नेहमीचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसली होती, पोरी पंजाबी ड्रेसवर होत्या. तशाच नाचायला उभ्या राहिल्या.

मग स्पीकर लावला. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गाणाऱ्यानं मामाचा तारपा फोनवर रेकॉर्ड करून नेला होता. त्यातले आठ सेकंद कापून, सूर कीबोर्डला जुळवून, त्याखाली ठोका टाकून त्यानं ट्रॅक बनवला होता. नाच त्या ट्रॅकवर करायचा आणि मामानं नुसता तारपा तोंडाला लावायचा, असं ठरलं होतं. मामानं कान देऊन ऐकलं.

"ह्यो कोन वाजवतो?"

"तुम्हीच की, मामा."

"मी नाय. ह्यो तेच तेच बोलतो."

त्याचं म्हणणं पोरींच्या पायांनी लगेच दाखवून दिलं. ट्रॅक सुरू झाला, वेटोळं एक फेरा फिरलं आणि पाय अडखळले. चाल बदलेल म्हणून सगळे वाट बघत होते आणि ती बदलतच नव्हती. घुंगरूकाठी धरून पुढं असलेली मावशी थांबली, म्हणाली, "ह्याला वळनच नाय, कुठं वळू?" राहिला नुसता तारपा तोंडाला लावायचा प्रश्न. मामानं तेही करून पाहिलं. पण गाल फुगल्याशिवाय तारपा धरलेला माणूस भोपळा उचलून उभा राहिल्यासारखाच दिसतो. कॅमेऱ्यावरची मुलगी म्हणाली, "नको, खोटं दिसतंय." स्पीकर बंद झाला. आमचा गाणारा थोडा वेळ भाताच्या उडव्यापाशी जाऊन बसला. त्याच्या पंधरा दिवसांच्या मेहनतीचं काय होणार हे कुणालाच कळत नव्हतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. वेटोळ्यातली सगळी तोंडं आत असतात. कॅमेरा बाहेर, म्हणजे दिसणार नुसत्या पाठी. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "एकदाच सगळ्यांनी बाहेर तोंड करून नाचा ना." पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मावशीनं शांतपणे सांगितलं, "तारप्याकडं पाठ करत नाय." बस्स. रागावली नाही, समजावत बसली नाही. सूर्य उगवतो तिकडं पूर्व, तितक्या सहज म्हणाली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं आठवा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि ते वेटोळं पार परदेशात भिंतींवर गेलं. त्यातही तारपेवाला आत, आणि सगळे त्याच्याकडं वळलेले. बघणाऱ्यासाठी कोणी वळलेलं नाही.

शेवटी कॅमेराच आत गेला. मुलगी फोन छातीशी धरून मामाच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि तो फिरेल तशी फिरायची असं ठरलं. तिला आधी मावशीनं पाच मिनिटं वेटोळ्यात घेऊन नाचवलं. "पाय कळलं म्हंजे धक्का नाय लागनार."

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा पाड्यावरची पोरं मध्ये शिरली, कारण त्यांना फळीचा 'टक' आवाज पुन्हा ऐकायचा होता. ती गेली. दुसऱ्यांदा नाच उत्तम झाला. मामानं चार चाली बदलल्या, रात्रपाळीच्या पोरांच्या डोळ्यांतली झोप कुठल्या कुठं गेली, आणि मुलगी एकदाही अडखळली नाही. तिसरं वाजवणं आम्ही वरच्या शॉटसाठी राखून ठेवलं होतं. दिग्दर्शकाला चित्रातल्यासारखं वेटोळं वरून हवं होतं. ड्रोन आमच्याकडं नव्हता, आणि हा अणुऊर्जा केंद्राचा भाग, ड्रोनचं नाव काढलं तरी लोक दचकतात. पण खळ्याच्या कडेला ताड होता, आणि मामाचा चुलतभाऊ हिवाळा लागला की ताडी काढतो. त्यानं फोन कमरेच्या फडक्यात बांधला, पायात दोरीचा फास अडकवला आणि बघता बघता वर गेला. खालून आम्ही ओरडतोय, "लाल बटण दाबा!" वरून आवाज आला, "दाबलं! मामाच्या डाव्या अंगाला तुटलंय, तिघी जवळ या!" पुढची तीन मिनिटं दिग्दर्शन ताडावरून झालं.

तिसरं संपलं तेव्हा मामा खळ्यावर बसला आणि बराच वेळ बोलला नाही. मामीनं पाणी दिलं. कोणी 'वन मोअर' म्हटलं नाही.

तांदळाची भाकरी, उडदाची डाळ आणि सुकटीची चटणी खाऊन दुसऱ्या पाळीची दोघं दोनच्या आत गेली. रात्रपाळीवाले तिथंच ओसरीवर आडवे झाले. गाण्यातला भाऊ झोपलेला दाखवायचा होता, तो शॉट आम्हाला आयता मिळाला, त्यांना विचारून. संध्याकाळी चिंचणीच्या समुद्रावर गाणाऱ्याचा भाग घेतला. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. त्यानं चपला हातात घेऊन चालत चालत सगळं गाणं एका दमात म्हटलं. दिवसभर मामाला बघून त्याला बहुतेक लाज वाटली असावी, ओठ हलवायला तो तयार झालाच नाही.

जुळवाजुळवीला तीन आठवडे गेले. मामाचा खरा तारपा कुठल्याच ठोक्यात बसेना. शेवटी गाणाऱ्यानंच निर्णय घेतला. गाण्याच्या मध्यावर, भाऊ-बहीण वाटेत भेटतात तिथं, त्यानं ठोका पूर्ण बंद केला आणि पन्नास सेकंद नुसता तारपा ठेवला, दुसऱ्या वेळेचा, पायांच्या आवाजासकट. त्यात मामा नाकानं श्वास घेतो तो ऐकू येतो. आठ सेकंदांचा तुकडा त्यानं काढून टाकला. मला विचाराल तर त्या गाण्यात लोक थांबून ऐकतात ते तेवढंच.

पाड्यावर आम्ही व्हिडिओ एकाच फोनवर दाखवला, सगळे डोकं घालून. मामानं स्वतःकडं बघितलंच नाही. वरचा शॉट आला तसं त्यानं बोट लावलं, "ही तिसरी पोर मागं ऱ्हाते. तिला शिकवाय पायजे." रात्रपाळीतल्या एकानं व्हिडिओ कंपनीतल्या ग्रुपवर टाकला. तिथल्या ओडिशाच्या एकानं त्याला विचारलं, हे तुमच्या घरचं वाद्य आहे का? हा म्हणाला, हो, मामाचं आहे. मग दोन दिवसांनी येऊन त्यानं मामाला विचारलं, भोपळा कुठला घ्यायचा असतो. मामा म्हणाला, आधी शिफ्ट सांग.

फेब्रुवारीत दिग्दर्शकाचा फोन आला. नवं गाणं आहे, तारपा पाहिजे, पुढच्या रविवारी जमेल का? मी मामाला विचारलं. तो आढ्याकडं बघून म्हणाला, "भात पिकू दे. तोवर त्याला म्हनाव, पाय शिकून ठेव."