माझीं बटणें

संध्याकाळीं कोणी सतार छेडतो, कोणी गुलाबाला खत घालतो; मी बटणें करतों. सदऱ्याचीं नव्हेत, संगणकाच्या पडद्यावरचीं. त्यांच्या जोडीला नांव लिहावयाची चौकट, यादींतून निवड करण्याची सोय, सूचना देणारी पाटी अशा सुट्या भागांचा एक लहानसा संग्रह मीं सिद्ध केला आहे. नवें पान रचतांना यांतले भाग उचलावे आणि जोडावे, एवढाच त्याचा उपयोग. माझे एक स्नेही नेहमीं विचारतात, "अहो, 'बूटस्ट्रॅप'सारखे भरगच्च संग्रह 2011 पासून फुकट मिळताहेत. मग हा खटाटोप कशासाठीं?"

प्रश्न वाजवी आहे. माझें उत्तर एका उकारापासून सुरू होतें. पुष्कळशा आयत्या बटणांची उंची रोमन अक्षरांच्या बेताची असते, आणि कित्येकदां बाहेर डोकावेल तो भाग कापावा अशी आज्ञाहि त्यांना दिलेली असते. आमच्या अक्षराला वर वेलांटी आणि रफार, खालीं उकार. त्याला ऐसपैस जागा हवी. अशा बटणावर एखाद्या कुसुमताईंचें नांव आलें आणि दोन्ही उकार कापले गेले, तर बाकी उरते 'कसम'! हंसूं येतें खरें. पण नांव धड लिहिलें जाणें हा माणसाचा पहिला मान आहे. माझ्या बटणांत तेवढी जागा मीं प्रथम राखून ठेविली.

पुढें करतां करतां बटण म्हणजे काय, हेंच मला नव्यानें कळूं लागलें. रंगविलेली चौकोनी आकृति बटणासारखी दिसते. माउसनें दाबली कीं कामहि करते. परंतु ज्याचा हात कांपतो आणि म्हणून जो कळफलकावरच सर्व व्यवहार करतो, त्याच्या 'एंटर'ला ती आपण होऊन ओ देत नाहीं. अंध माणसाला पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली तिला बटण म्हणून ओळखत नाहीं. उलट एचटीएमएलचें मूळचें साधें बटण या दोन्ही गोष्टी जन्मतःच जाणतें. म्हणून त्यालाच मीं माझा पोशाख चढविला. कळफलकानें आपण कोणत्या जागीं आलों हें दाखविणारी कड कित्येक जण सौंदर्यासाठीं पुसून टाकतात. माझ्याकडे ती मुद्दाम ठसठशीत आहे.

हा संग्रह मीं एमआयटी परवान्याखालीं सर्वांना खुला केला आहे. कोणींहि घ्यावा, बदलावा, विकावा. मूळ परवाना आणि हक्काची सूचना तेवढी सोबत ठेवावी. वस्तु आहे तशी दिली आहे, कसलीहि हमी नाहीं, असेंहि त्या परवान्यांत स्पष्ट म्हटलें आहे. कायद्यानें मी मोकळा झालों; मनाला मात्र तेवढ्यानें सुटतां येत नाहीं. 2016 च्या मार्च महिन्यांत 'लेफ्ट-पॅड' नांवाचा अवघ्या 11 ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्यानें एनपीएम या सार्वजनिक कोठारांतून काढून घेतला, आणि त्याच्यावर विसंबलेलीं असंख्य कामें जगभर अडून पडलीं. इतक्या लहान वस्तूवर इतकीं घरें उभीं आहेत, याची त्या दिवसापर्यंत कोणाला फारशी जाणीवच नव्हती. माझ्या संग्रहावर कोणाचें काय उभें आहे, हें मला तरी कोठें ठाऊक आहे? म्हणून एखादा भाग काढावयाचा तर आधीं वर्षभर सूचना द्यावयाची, असा नियम मीं स्वतःला घालून घेतला आहे. कोणी मागितलेला नसतांहि तो मी पाळतों.

परवां एका अनोळखी गृहस्थांनीं माझ्या बटणाची उंची आणखी थोडी वाढवून ती दुरुस्ती माझ्याकडे पाठविली. सोबत दोनच ओळी होत्या: कानडी जोडाक्षरांतलें दुसरें अक्षर ओळीच्या पुष्कळ खालीं उतरतें, त्याचीहि सोय व्हावी. मीं ती दुरुस्ती तत्काळ स्वीकारली. आतां माझ्या बटणांत मराठी उकार थोडे सैलच बसतात; पण शेजाऱ्याला जागा झाली आहे.