आजीची वाकळ

इंदापूर तालुक्यातील आमच्या घरी नवे कापड क्वचितच येई. जुने मात्र कधी वाया जात नसे. आजीचे नऊवारी लुगडे विरले, की ते वाकळीचा तळ होई. मध्ये आजोबांच्या धोतरांचे थर बसत आणि वर चोळ्यांचे, सदऱ्यांचे रंगीत तुकडे. कडेपासून आत आत, चौकोनी फेऱ्यांनी ती धावदोरा घाली. म्हणून थर सरकत नसत. किती चिवट ते टाके!

पुढे उजनी धरण झाले. १९८० साली ते पूर्ण झाले, तोवर आमचे गाव उठले होते. पळसदेवचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली गेले. नव्या घराच्या कोऱ्या भिंती पाहून वडील म्हणाले, “बारामतीहून चांगलेसे पडदे आणू.” आजीने उत्तर दिले नाही. तिने वाकळ भिंतीवर टांगली आणि एका निळ्या तुकड्यावर बोट ठेवून मला म्हणाली, “हा तुझ्या आजोबांचा सदरा. विहीर खणताना अंगात होता.”