तंबोऱ्याचा संधिविग्रह

वऱ्हाडात धामणगावे एकाहून अधिक आहेत. बुलढाण्याकडील ते धामणगाव बढे, आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरील आमचे ते धामणगाव रेल्वे. दत्तापुराशी एकजीव झालेले हे गाव. यवतमाळास जाणारा उतारू येथे उतरतो आणि भोवतालचा कापूस येथील बाजारात येतो. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि आषाढ लागला की भिंतींना ओल फुटते. माणसे हे पालट कसेबसे सोसतात. तंबोऱ्याची मात्र कसोटी लागते.

आमच्या घरचा तंबोरा मिरजेचा आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा व्यवसाय उचलला. फरीदसाहेब हे त्यांतील आद्य कारागीर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे वास्तव्यही त्याच गावी होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेहून वऱ्हाडात येते खरी. पण मिरजेची हवा तिच्याबरोबर येत नाही.

तंबोऱ्याची तबली व दांडी तुणाच्या लाकडाची, आणि खाली भोपळा. कोरड्या हवेत लाकूड आडवे आकसते, भोपळा आपल्या परीने आकसतो, आणि चार तारांचा ताण तर अहोरात्र चालूच. अशा ओढाताणीत तबली व भोपळा यांचा सांधा, किंवा गळ्याचा जोड, उकलतो. नाद घरघरतो. लोक जवारीला दोष देऊन दोरा मागेपुढे करतात. पण जोडात कागदाची पट्टी सरकली की रोग कोठे आहे ते कळते.

गतवर्षी थोरल्या सूनबाईंचा तंबोरा असाच उकलला. त्यांचे गाणे थांबले, आणि वाद्य शोभेसाठी भिंतीस टांगावे, असे घरात जवळजवळ ठरले. गावातील सुतार पांढरा कृत्रिम गोंद घेऊन आला होता. तेवढ्यात मिरजेच्या एका वृद्ध कारागिराने दूरध्वनीवरून बजावले, “सरसाखेरीज काही लावू नका.”

त्याचे कारण आम्हां संस्कृतवाल्यांस चटकन पटावे. ज्या संधीचा विग्रह करता येतो, तोच संधी शुद्ध. सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. म्हणून ताण असह्य झाला की जोड उकलतो, पण तबली शाबूत राहते. कृत्रिम गोंदाचा जोड हटून बसला, तर तडा लाकडासच जावयाचा. शिवाय तो गोंद एकदा मुरला, की पुढे तेथे सरसही धरत नाही.

सुताराने सांगितल्याप्रमाणे केले. तारा पूर्ण उतरविल्या. कोमट पाण्याच्या फडक्याने जुना सरस पुसून जोड कोरडाच बसवून पाहिला. सरसाचे भांडे गरम पाण्यात ठेवून तो पातळ केला, कुंचल्याने लावला, आणि सुती दोरीने सर्व बाजूंनी सारखा आवळला. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने टिपला. दोन दिवस वाद्य सावलीत ठेवले, आणि मग तारा थोड्याथोड्या चढविल्या. तिसऱ्या संध्याकाळी सूनबाईंनी षड्ज लावला.

फाल्गुन सरता सरता तारा थोड्या उतरवाव्या, वाद्यास गवसणी घालावी, आणि पंख्याच्या झोतापासून व भिंतीच्या ओलीपासून ते दूर ठेवावे. एवढे करूनही सांधा उकललाच, तर तंबोरा संपला असे समजू नये.